श्रीखंडाची वाटी

दहाव्याला घाटावर तासभर झाला तरी पाटणकरांच्या पिंडाला कावळा शिवेना. मुलाने आईला सांभाळायचा शब्द दिला, भावाने जुनं भांडण सोडलं. कावळे आपले पिंपळावरच.

शेवटी त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी पिशवीतून श्रीखंडाची वाटी काढून पिंडाशेजारी ठेवली. "अहो, डॉक्टर म्हणाले होते, आवडीचं सोडू नका, थोडं थोडं खा, वजन हळूहळू उतरेल. तुम्हाला ते सांगितलंच नाही मी. सगळं बंद केलं. पाडव्यालासुद्धा बोट चाटू दिलं नाही. आज पोटभर खा."

एक कावळा उतरला. वाटीपाशी घुटमळला, मान वाकडी करून त्याने कुमुदताईंकडे बघितलं. मग वाटीला वळसा घालून नुसत्या भाताला चोच लावली.

"शिवला!" म्हणत सगळे सुटकेने उठले. कुमुदताईंना मात्र उठवेना.