धुवायचे कपडे

पिवळा कुर्ताही गायब होता.

धुवायच्या कपड्यांची टोपली तिनं जमिनीवर उलटी केली. साहेबांचे, तिच्या नवऱ्याचे, शर्ट होते, मोजे होते, टॉवेल होते. कुर्ता नव्हता. त्याआधी उशीचा अभ्रा गेला होता, त्याच्याही आधी ओढणी. कपाटातले भारी कपडे मात्र जागच्या जागी. हा कसला चोर, ज्याला फक्त तिचे मळके कपडे हवेत?

चोर कोण, ते तिला माहीत होतं. परवाच सासूबाई शालीखाली काहीतरी दडवून जिना उतरत होत्या. एक पाय लंगडा, एक हात कठड्याला. शालीतून अभ्र्याचं टोक लोंबत होतं.

लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "पोरी, नशीब काढलंस." बंगला, दोन गाड्या, हाताखाली माणसं. कुत्रा नंतर आला. ती एकदा न सांगता ताईकडं जाऊन आली, आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मेजरला आणलं. "तुझ्या काळजीपोटी," म्हणाले. मोबाइलही काळजीपोटीच काढून घेतला. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की मेजर मोकळा. गाडी परत आली की साखळीला. पेपरवाल्याची पोटरी त्यानं फाडली तेव्हा साहेबांनी उपचाराचे पैसे दिले आणि वर हसले. "बघ, काम कसं चोख करतो."

या घराला कुत्र्यांचं वेड जुनंच. दिवाणखान्यात सासऱ्यांचा मोठा फोटो होता. पायाशी असाच एक काळा कुत्रा. सासूबाई कायम त्या फोटोकडं पाठ करून बसायच्या.

आज सकाळीही त्या तशाच बसल्या होत्या. ती चहा घेऊन वाकली तशा फिस्कारल्या.

"सेंट मारलास?"

"यांनीच आणलाय, आई."

"आणू दे. धुऊन टाक आधी. डोकं उठतं माझं. आणि बिस्किटांचा डबा रिकामा झालाय, भरून ठेव."

तिनं मान धुतली. डबा भरला. साखरेचा आजार असलेली बाई एवढी बिस्किटं कुठं मुरवते, हा प्रश्न गिळून टाकला.

दुपारी ताईचा फोन आला. दिवाणखान्यातला फोन तेवढा उरला होता.

"मळके कपडे? अगं, करणी करत असेल म्हातारी," ताई हसली. मग आवाज खाली आला. "ऐक. उद्या निघ. माळीबुवा त्या कुत्र्याला बांधून खायला घालतात ना, तेवढ्यात मागच्या फाटकानं बाहेर पड. मी कोपऱ्यावर स्कूटर घेऊन उभी असते. दातांच्या दवाखान्यातली तुझी जुनी जागा डॉक्टरबाईंनी अजून भरलेली नाही."

लाइनवर खट् वाजलं.

या फोनचं दुसरं टोक वर होतं. सासूबाईंच्या उशाशी.

रात्रीच्या जेवणाला ती सासूबाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. आता सांगतील, मग सांगतील. सासूबाई मुलाला वाढत राहिल्या. चकार शब्द नाही. तिला त्याचीच जास्त भीती वाटली. रंगेहाथ पकडायचा बेत दिसतोय म्हातारीचा. कपडे त्यासाठीच जमवले असणार. बघ रे, तुझी बायको एकेक करून कसं सामान हलवतेय.

तरी दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. आज नाही तर कधीच नाही.

जेवायच्या वेळी ती मागच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिली. रोज या वेळी साखळी खळखळायची. आज खळखळली नाही. उलट माळीबुवा सायकल काढून पुढच्या फाटकाकडं निघालेले दिसले. पुढच्या दारातून सासूबाई ओरडत होत्या, "औषध मिळाल्याशिवाय परत येऊ नका!"

नेमकं आत्ता? पण ताई कोपऱ्यावर येऊन थांबली असेल. माळीबुवांनी जाण्याआधी कुत्रा बांधलाच असेल. बांधला असणारच. ती खाली उतरली, जाळीचं दार उघडून अंगणात आली.

साखळी जमिनीवर पडली होती. रिकामी.

ती गर्रकन मागं वळली. दार बंद झालं होतं. आतून कडी लागली. जाळीपलीकडं सासूबाई उभ्या होत्या.

"आई, दार उघडा! आई, तो मोकळा आहे!"

"मला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "हलू नकोस."

मेजर झाडामागून आला. धावत नाही, सावकाश. मान खाली, कान ताठ. तिनं पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटले. गरम श्वास आधी हाताला लागला. मग मनगटाला. मग बाहीला. कुत्रा हुंगत होता, हुंगतच होता.

मग त्यानं तिच्या तळहाताखाली डोकं घातलं.

तिनं डोळे उघडले. मेजर शेपटी हलवत तिच्याकडं बघत होता, बिस्कीट मिळेल अशा आशेनं. त्याच्यामागं त्याचं घर होतं. आत पिवळा कुर्ता अंथरला होता. त्यावर ओढणी, अभ्रा. सगळ्यावर बिस्किटांचा चुरा.

"आई..."

सासूबाईंनी जाळीला धरून लंगड्या पायावरचा भार सावरला.

"जा आता. माझ्या वेळच्या कुत्र्याला माझा वास कुणी शिकवला नव्हता."