आडवी वाटणी

खोटं सांगत असेन तर जीभ झडो, पण एका भावाने बहिणीशी शेताची वाटणी केली ती आडवी. वरची हातभर काळी माती त्याची. खालचा मुरूम आणि त्याखालचा खडक, थेट पाताळापर्यंत तिचा. "ताई, तुझाच वाटा मोठा!" म्हणत त्याने सही घेतली आणि गावभर हसत सुटला.

पीक गुडघ्याला लागलं, तशी ताईने शेतातल्या विहिरीवर लोखंडी झाकण बसवून कुलूप ठोकलं.

भाऊ धावत आला. "अगं, पीक करपतंय! पाणी सोड!"

"पाणी माझ्या खडकातलं आहे," ताई कडाडली. "तू खण की तुझ्या मातीत. हातभरच हं, भाऊराया. त्याखाली पहार गेली, तर तंगडं मोडून हातात देईन."