एका पायाचं लग्न

राजपुत्र लोरांद गेल्याची बातमी शनिवारी भरदुपारी आली, सेंट मार्टिनच्या सणाला, सगळे भाजलेल्या हंसाच्या जेवणाला बसलेले असताना. हंगेरीहून आलेल्या जासुदाने दारातूनच सांगितलं, ताप आला आणि सोमवारी गेले.

राजकन्या स्तोशियाशी त्याचं लग्न बुधवारी झालं होतं.

ड्रागोस्लावकाकांनी हातातली तंगडीसुद्धा खाली ठेवली नाही. "मेलेल्याशी लग्न लागत नाही, पोरी. तुझ्या बापानंच लिहून ठेवलंय. आज संध्याकाळच्या घंटेपर्यंत तुला नवरा नसला, तर मुकुट माझा."

मुकुट मिळाला की काका बंदर व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना देणार, हे तिथल्या मांजरालाही ठाऊक होतं.

स्तोशिया चाळिशीची होती. लोरांदला तिने कधी पाहिलंही नव्हतं. तिने समोर बसलेल्या सरदार बालिंटकडे पाहिलं. लोरांदच्या वतीने लग्नाला तोच उभा राहिला होता. रिवाजाप्रमाणे त्याने शपथ घेतली होती आणि एक पाय उघडा करून तिच्या पांघरुणाखाली ठेवला होता, सगळ्यांदेखत.

"बिशप," ती म्हणाली, "मालक मेला तर त्याची मुखत्यारी उरते?"

"नाही. त्याच्याबरोबर तीही जाते."

"मग बुधवारी माझ्या पलंगावर पाय कोणाचा होता?"

बिशपने जरा विचार केला. "सरदारांचाच म्हणायचा."

"काय पोरखेळ लावलाय," काका म्हणाले.

"बूट तर तुम्हीच ओढून काढलात, काका. घरातले वडीलधारे म्हणून."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी खुदकन हसलं.

"पण शपथ लोरांदच्या नावाने होती," बिशप म्हणाला. "ती नव्याने घ्यावी लागेल. संध्याकाळच्या घंटेआधी. आणि सरदारांची इच्छा असेल तरच."

बालिंट कानापर्यंत लाल झाला. "माझी बायको बोर्बाला जाऊन चार वर्षं झाली. घर कसंतरीच चाललंय. मोज्याला भोक होतं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच."

"पाहिलं. बुधवारपासून तेच आठवून हसतेय. इच्छा आहे का, ते सांगा."

बालिंटने टेबलाखाली पाय मागे ओढला. बोर्बाला असती तर म्हणाली असती, आधी मोजे बदल.

"आहे," तो म्हणाला.

काकांनी तंगडी ताटात ठेवली.

घंटेआधी शपथ झाली. दुसरा बूट काढायचा तेवढा राहिला.