दहा वर्षांची गॅरंटी

सुया टोचून टोचून हाताच्या शिरा सापडेनाशा झाल्या, तेव्हा केमोचं औषध सोडायला पुणतांब्याच्या एस्तेरबाईंच्या छातीत, कातडीखाली, नाण्याएवढा पोर्ट बसवला. "किती दिस टिकंल ह्यो?" त्यांनी विचारलं.

"दहा वर्षं कुठं जात नाही," डॉक्टर म्हणाले.

झालं! "मला दहा वर्षांची ग्यारंटी मिळाली," असं बाईंनी गावभर सांगितलं. भेटायला येणाऱ्यांना त्या गळ्याखालचा उंचवटा हात लावून बघायला लावायच्या. दारात नारळाचं रोप लावलं. आठवीतल्या नातीच्या लग्नात कोणती साडी नेसायची, तेही ठरवलं. नवरा इमॅन्युएल पोर्टचं कार्ड बायबलात ठेवून रोज काढून बघायचा.

तिसऱ्या केमोला सून कृपा पेढेच घेऊन आली. "डॉक्टर, दहाची पंधरा होत्याल का? म्हंजी धाकटीचंबी लगीन बघतील."

घोटाळा डॉक्टरांच्या ध्यानात आला. कृपाला औषधं आणायला पाठवून ते खुर्ची ओढून एस्तेरबाईंजवळ बसले. "आजी, गॅरंटी पोर्टची आहे हो. तुमची..."

"माझी न्हाई. पहिल्याच दिवशी कळलंय मला," एस्तेरबाई हळूच म्हणाल्या. "पन तुमी गप ऱ्हावा. आमचा म्हातारा दोन महिन्यांनी आत्ता कुठं पोटभर जेवाया लागलाय."