ढेकूण नावाचा माणूस

किल्ल्या बनवणाऱ्याचं ऑनलाइन खेळातलं नाव होतं 'ढेकूण'. बायकोनंच लाडानं ठेवलेलं. पण मित्र टर उडवायचे, म्हणून बेट्यानं एकदाचं बदलून 'वाघ' केलं. जुनं नाव परत मिळणार नाही, अशी सूचना आली होती; ती वाचतो कोण?

दुपारी जेवायला घरी आला, तर स्वतः घासलेली किल्ली स्वतःच्याच कुलपात फिरेना. शेवटी बायकोनं दार उघडलं.

"कोण हवंय?"

"अगं, मी! थट्टा पुरे, भूक लागलीय."

ती घाबरून मागे सरकली. "अहो ढेकूण, बाहेर या आधी! हा कोण आलाय बघा."

आतल्या खोलीत कुणीतरी कानशीनं किल्ली घासत होतं. तो आवाज थांबला.

"आलो गं," आतून त्याचाच आवाज म्हणाला.