वेलीची थंडाई

हलगी कडाडत होती. हिंदुराव वस्तादांच्या विश्वजितनं समोरच्या पैलवानाला खाली घेतलं होतं. त्याची पाठ तेवढी मातीला लावायची राहिली होती. तेवढ्यात विश्वजितनं पकड सोडली आणि त्या पैलवानाच्या डोळ्यात गेलेली माती फुंकर घालून काढू लागला.

"आरं, चीत कर की त्येला!" वस्ताद ओरडले.

"वस्ताद, त्येची आई बसलीया तिथं. तिला काय वाटंल?"

यंदाच्या हंगामात साऱ्या कुस्त्या अशाच सुटल्या होत्या. रानवेलीची भुकटी वस्तादांनीच पहिल्यांदा तालमीच्या थंडाईत घातली. मग जिल्ह्यातल्या सगळ्या तालमींनी उचलली. अंग भरतं, संप्रेरकं समतोल राहतात, असं विकणारा म्हणाला होता. पोरांच्या मांड्या खांबासारख्या झाल्याही. पण रग गेली, आणि भुकटी बंद केली तरी ती परतली नाही.

आज याच्या कानाखाली आवाज काढायचाच, असं ठरवून वस्ताद आखाड्यात उतरले. त्यांनी हात उगारला. विश्वजित मान खाली घालून उभा राहिला. उगारलेला हात हळूच त्याच्या पाठीवर आला आणि माती झाडू लागला.

वस्ताद आपल्याच हाताकडे बघत राहिले. तालमीत थंडाईचा पहिला पेला नेहमी वस्तादांचाच असायचा.