चार वाजेपर्यंत सगळं बंद

"सगळ्या जोडण्या तोड," ऑफिसचे वयस्कर साहेब सायलाऊ-आगांनी दार लोटून घेत सांगितलं. "मेल, कॅलेंडर, फोन, सगळं. चार वाजेपर्यंत."

मोल्दिरने अजून कोटही काढला नव्हता. "आगा, झालं काय?"

"दाउरेनचा थोरला भाऊ पहाटे गेला. गावाकडची मंडळी निघालीत. चारला पोचतील, तीच सांगतील त्याला. तोवर त्याच्या कानावर जाता कामा नये."

मोल्दिरने वळून पाहिलं. काचेपलीकडे दाउरेन आपल्या जागेवर सफरचंद खात होता.

आमच्या कझाखांकडे मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. वडीलधारी माणसं येतात, बसतात, हवापाण्याचं बोलतात, हात हातात घेतात आणि मग सांगतात. पण मोल्दिरच्या कंपनीचं ॲप असल्या रीतीभातींना जुमानत नसे. कामांची यादी सांभाळणारं साधं ॲप ते. मोल्दिरने दोन वर्षं खपून त्याला जगातली यच्चयावत ॲपं जोडली होती. एकाच्या कॅलेंडरात काही पडलं, की ते सगळ्यांच्या ॲपमधल्या बोर्डावर हजर. गेल्या हिवाळ्यात ऑफिसचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कुल्याश-आपायला आपली बहीण गेल्याचं असंच कळलं. भाच्याने घरच्या कॅलेंडरात दफनाची वेळ टाकली आणि ती 'प्रिंटरची शाई' आणि 'साडेदहाची मीटिंग' यांच्या मधोमध येऊन बसली. त्यानंतर कितीतरी दिवस मोल्दिरला आपायच्या नजरेला नजर देता आली नव्हती.

"एकट्या दाउरेनचं तोडून भागायचं नाही," ती म्हणाली. "सगळ्यांचंच तोडावं लागेल."

"तोड की मग. नव्या आवृत्तीची चाचणी आहे म्हणू. त्याला तुझ्या शेजारी बसवून घे. आणि सगळ्यांचे फोन माझ्या कपाटात. तुझा आधी दे, म्हणजे तोही देईल."

तिने फोन दिला आणि कामाला लागली. मेल गेलं, कॅलेंडर गेलं. आपायची पावाची ऑर्डर, आगांच्या नातीची शाळा, दूर झार्केंत गावी राहणाऱ्या तिच्या वडिलांची रक्तदाबाची गोळी. गोळी घेतली की त्यांनी फोनवर बटण दाबायचं आणि तिच्या बोर्डावर हिरवी खूण उमटायची, अशी ती जोडणी होती. गोळी न घेताच दाबत असतील लबाड, असं मनाशी म्हणत तिने तीही बंद केली.

ऑफिस एकदम गप्प झालं. टिंग नाही, थरथर नाही. बाहेर अल्माटीवर इतकं धुकं उतरलं होतं की डोंगर होते तिथे नुसतं पांढरं दिसत होतं. दिवस गोधडीत शिरल्यासारखा मऊ झाला. माणसं हळू चालत होती, हळू बोलत होती. घड्याळ पुढे सरकतंय की नाही, हेही कळेना.

दाउरेन निमूटपणे फोन देऊन तिच्या शेजारी येऊन बसला. एरवी तो तिला छळायचा. तुझं ॲप एक दिवस माझी स्वप्नंसुद्धा बायकोला कळवेल, म्हणायचा. आज थट्टा नाही, टोमणा नाही. आतून काही जाणवलं असेल का याला, असं तिला वाटलं. तिला त्याची फार दया आली.

"दाउरेन, कशाला काय जोडावं हे कुणी ठरवायचं?"

"तूच तर ठरवतेस."

"मला वाटायचं, जेवढं जोडू तेवढं बरं."

"आणि आता?"

"आता वाटतं, काही बातम्या पायी चालत याव्यात."

 दाउरेन उठला आणि तिच्यासाठी दुधाचा चहा घेऊन आला.

दुपारी कुल्याश-आपायने जेवण वाढलं. मांसाचा सगळ्यांत मोठा तुकडा तिने मोल्दिरच्या ताटात घातला. मोल्दिरने तो गुपचूप दाउरेनच्या ताटात सरकवला. ते पाहून आपायचे डोळे भरून आले. मोल्दिरने तिला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"आपाय, काय हे! तुम्हीच अशा रडलात तर त्याला कळायचं नाही का?"

"नाही रडत, बाळा," आपाय म्हणाली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. म्हातारीला आपली बहीण आठवली असणार.

अडीचच्या सुमारास मोल्दिरला वडिलांना फोन करावासा वाटला. ती आगांच्या कपाटाकडे निघाली.

"अगं, थांब," दाउरेनने हाक मारली. "हे बटण चालत नाहीये. बघ ना जरा."

बटण चांगलं चालत होतं. पण बिचाऱ्याला एकटं कुठे सोडा, म्हणून ती पुन्हा बसली. मग दोघांनी उगाचच जुन्या कामांची यादी उघडली आणि एकेक काम वाचत बसली. अर्धी कामं कशाची होती तेही आठवेना. दोघं हसलीसुद्धा.

चारला दहा मिनिटं असताना धुक्यात गाडीचे दिवे दिसले. मोल्दिर उठली. दिवसभर आपण नीट सांभाळलं, एवढंच समाधान होतं. तिने मधली खुर्ची मोकळी केली, शेजारी पाण्याचा पेला ठेवला. आगा आणि आपाय भिंतीशी उभे राहिले.

"दाउरेन," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "ये, इथे बस."

"तू बस आधी," दाउरेन म्हणाला.

वाद घालायला वेळ नव्हता. ती बसली की तोही बसेल, म्हणून ती बसली. जिन्यावर जड पावलं वाजली. दार उघडलं आणि फरच्या टोप्या घातलेले तीन म्हातारे आत आले. दाउरेनकडे कुणीच वळलं नाही. सगळ्यांत पुढे झार्केंतहून आलेले मोल्दिरचे थोरले काका होते.